डायलिसिसनंतरचा थकवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरत नाही. काय करता येईल?

प्रश्न

नमस्कार. माझे यजमान (वय ५६, मधुमेह) गेल्या वर्षापासून हिमोडायलिसिसवर (मशीनमधून रक्त शुद्ध करून घेण्यावर) आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारच्या पाळीत चार तास मशीन असते. घरी परतले की ते कपडेही न बदलता पलंगावर आडवे होतात, जेवायला उठवले तर दोन घास खाऊन पुन्हा डोळे मिटतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात गल्ल्यावर बसण्याचेही त्राण त्यांच्यात नसते. ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) ५४ किलो ठरवलेले आहे, परंतु दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेतीन किलोच्या वर वाढते आणि सोमवारी तर त्याहूनही जास्त भरते. शेवटच्या दोन तासांत बीपी उतरते, पायांत गोळे येतात, आणि मग ते अर्धा तास आधी सोडण्याची विनंती करतात. हिमोग्लोबिन ८.६ आहे. युनिटमध्ये विचारले असता “थकवा येणारच” एवढेच उत्तर मिळाले. हे असेच सोसायचे, की कमी करता येण्यासारखे काही आहे?

प्रतिसाद : एक डायलिसिस टेक्निशियन

ताई, थोडा थकवा बहुतेक रुग्णांना येतो हे खरे आहे, पण तुम्ही लिहिलेला थकवा मुकाट्याने सोसण्याजोगा नाही, आणि त्याचे एक मोठे कारण तुमच्याच आकड्यांत दिसते. चार तासांत ३.६ लिटर पाणी काढायचे म्हणजे तासाला ९०० मिली, अर्थात ५४ किलोच्या माणसासाठी दर किलोमागे तासाला जवळपास १७ मिली. हा वेग १३ मिलीच्या आत ठेवावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मशीन पाणी थेट रक्तातून काढते. ऊतींमध्ये साठलेले पाणी रक्तात परत यायला मात्र वेळ लागतो. काढण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की बीपी पडते, गोळे येतात, हृदयाला आणि मेंदूला रक्तपुरवठा कमी होतो, आणि त्याची किंमत रुग्ण घरी गेल्यावर मोजतो.

म्हणूनच अर्धा तास आधी सुटणे हा उपाय नसून उलटा मार्ग आहे, कारण तेवढेच पाणी कमी वेळात काढावे लागते. त्याऐवजी वेळ वाढवून मिळेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा; पाच तास मिळाले तर साडेतीन लिटर पाणी त्याच मर्यादेत निघते. पाळ्या भरलेल्या असल्यामुळे हे अवघड असते, याची मला कल्पना आहे, तरीही निदान सोमवारसाठी आग्रह धरावा.

आणखी तीन गोष्टी किडनीच्या डॉक्टरांशी बोला. ड्राय वेट पुन्हा तपासायला हवे का? बीपीच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी घ्यायच्या की नंतर? (स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.) आणि डायलिसिसच्या द्रवाचे तापमान ३६ अंशांच्या आसपास ठेवता येईल का? अनेकांचे बीपी त्यामुळे सावरते. थोडी थंडी वाजते, तेव्हा सोबत चादर द्यावी.

“थकवा येतो” असे मोघम न सांगता “पूर्ववत वाटायला अठरा तास लागतात” असे तासांत सांगा. तो काळ वाढत चालला असेल तर डॉक्टरांना त्याची दखल घ्यावीच लागते.

प्रतिसाद : स्वतः डायलिसिसवर असलेली एक गृहिणी

वरील दादांनी वेगाचे सांगितले. मी स्वयंपाकघरातले सांगते, कारण वजन तिथेच वाढते. पाणी मोजून देण्यावर सगळे घर लक्ष ठेवते आणि मिठाकडे कोणी पाहत नाही. सुमारे नऊ ग्रॅम मीठ पोटात गेले की शरीर त्यापायी साधारण एक लिटर पाणी धरून ठेवते, आणि खारट खाल्लेल्या माणसाला तहान आवरणे शक्यच नसते. आमच्याकडे लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि बेकरीची खारी हे सारे बंद केले, भाकरीच्या पिठातले मीठ काढले, आणि आमटीला लिंबू, लसूण, जिरे यांची चव आणली. पहिले काही आठवडे जेवण नकोसे झाले होते, नंतर जिभेला सवय झाली आणि दोन डायलिसिसमधली वजनवाढ निम्म्याच्या आसपास आली. तुमच्या यजमानांना मधुमेह आहे, म्हणून हेही सांगते की साखर वाढलेली असली तरी तहान वाढते. मात्र बाजारातले ‘कमी सोडियमचे मीठ’ आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते आपल्यासाठी घातक आहे.

दुसरे, उपाशी झोपू देऊ नका. प्रत्येक डायलिसिसमध्ये रक्तातली काही ग्रॅम अमिनो आम्लेही निघून जातात, त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाला किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी ज्यांनी डाळी कमी केलेल्या असतात, ते नंतरही भीतीने तसेच खात राहतात आणि खंगत जातात. मी घरी आल्यावर आधी दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि मऊ भात खाते, तासभर पडते, आणि मग उठून अंगणात थोड्या फेऱ्या मारते. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेला हात अंगाखाली येणार नाही, अशा कुशीवर झोपवा. थकलेल्या माणसाला त्याचे भान राहत नाही.

प्रतिसाद

८.६ हिमोग्लोबिन हेही थकव्याचे ठळक कारण आहे. डायलिसिसवर ते साधारणपणे १० ते ११.५ च्या दरम्यान राखतात. एरिथ्रोपोएटिनचे (रक्त वाढवणारे) इंजेक्शन चालू असूनही वाढत नसेल तर फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (शरीरातल्या लोहाच्या तपासण्या) तपासून घ्या; लोह कमी असेल तर इंजेक्शनचा पुरेसा उपयोग होत नाही, आणि अशा वेळी लोह शिरेतून द्यावे लागते. झोप नीट लागते का, मन उदास असते का, हेही विचारा, कारण त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फिस्टुल्याच्या हाताचे आम्हाला कोणी सांगितले नव्हते; ते नेमके त्याच कुशीवर झोपतात. नातेवाईक सांगतात की ताकद येण्यासाठी शहाळ्याचे पाणी आणि एक आयुर्वेदिक काढा द्यावा. द्यावा का?

प्रतिसाद : एक डायलिसिस टेक्निशियन

दोन्ही देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ते शरीरात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. काढ्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो. कमरख (स्टारफ्रूट) हे फळही पूर्ण वर्ज्य समजा. आणि छातीत दुखणे, धाप लागणे, थंडी वाजून ताप येणे, असंबद्ध बोलणे किंवा फिस्टुल्यातून रक्त न थांबणे यांपैकी काहीही दिसले तर तो थकवा समजून सकाळपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.