ट्रॅकरशिवाय मृगातला तेजोमेघ निघतो का?

सह्याद्रीनिशाचर:
नमस्कार मंडळी, गेल्या अमावास्येला मित्रांबरोबर वांगणीला गेलेलो. क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, 55-250 लेन्स आणि ट्रायपॉड, एवढंच आहे माझ्याकडे. मृगाच्या पोटातल्या बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे एम42, धरला, 250 वर 10 सेकंद, आयएसओ 1600. स्क्रीनवर तो गुलाबी ढग उमटला ना, अंगावर काटाच आला! पण घरी येऊन झूम केलं तर तारे म्हणजे नुसत्या रेघा आणि मधला भाग पांढराफट्ट. ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्यावाच लागेल का? बजेट खरंच नाहीये.

व्याध_बघणारा:
अजिबात नको घेऊ. मृग खगोलीय विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून तिथले तारे सगळ्यात भरभर सरकतात. 500 ला फोकल लेन्थ गुणिले क्रॉप फॅक्टरने (लहान सेन्सरचा गुणक, साधारण 1.6) भाग, म्हणजे रेघा न पडता किती सेकंद चालतील ते कळतं, तुझ्या 250 ला सव्वा सेकंद येतो, म्हणून 1 सेकंदच ठेव, आयएसओ 3200, रॉ मध्ये, आणि असे 400 फोटो काढ. मग डीपस्कायस्टॅकर नाहीतर सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढव, दोन्ही फुकट आहेत. 400 फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमच्या मानाने नॉइज वीसपट कमी. दर तीन-चार मिनिटांनी फ्रेम परत मध्यावर आणायची, आणि शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर 30 डार्क्स (सेन्सरचा नॉइज वजा करायला काळे फोटो) घ्यायचे, हे लोक कंटाळा करून सोडतात आणि मग रंगीत ठिपके दिसले की रडतात.

रोहिणी७:
फोकस व्याधावर लाइव्ह व्ह्यूमध्ये 10 पट झूम करून कर, तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला की रिंगला चिकटपट्टी लाव. मधला भाग जळतो कारण तिथे ट्रॅपेझियम नावाच्या तारकागुच्छाचे तरणे तारे आहेत, सगळा ढग तेच उजळवतात. त्यासाठी पाव सेकंदाचे 50 फोटो वेगळे काढून नंतर मिसळ. हा प्रकाश साधारण 1300 वर्षांपूर्वी निघालाय, आपल्याकडे बदामीचे चालुक्य होते तेव्हा, तो आपल्या सेन्सरवर पडतो, मला अजून भरून येतं.

सह्याद्रीनिशाचर:
खूप आभार दोघांचे! याच लेन्सने मृगातलंच घोड्याचं डोकं (हॉर्सहेड तेजोमेघ) पण निघेल का?

व्याध_बघणारा:
ते अवघड आहे रे. त्याच्या मागचा लाल पडदा हायड्रोजनचा, 656 नॅनोमीटरचा, आणि कॅमेऱ्यातला फिल्टर तोच रंग बराचसा अडवतो. एम42 तेजस्वी म्हणून निभावतो. आधी हाच नीट काढ, मार्चनंतर मृग लवकर मावळायला लागतो.