पाच इंची दुर्बिणीला पुढचा आयपीस कोणता? माझं मत: एकच घ्या, पण रुंद घ्या

कोथरूडची गच्ची

गेल्या आठवड्यात भाचीला गच्चीवर शनी दाखवत होतो. माझी दुर्बीण टेबलावर ठेवायची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. आरसा १३० मिलिमीटर, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ६५०. सोबत २५ चा आणि १० चा असे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, आले होते (आकडा त्यांच्या नाभीय अंतराचा, मिलिमीटरमध्ये). त्या दिवशी हौसेनं मित्राकडून ४ चा प्लॉसल (नेहमीच्या साध्या घडणीचा आयपीस) आणला. शनी बरोबर मधोमध आणला, स्टुलावरून उतरलो, ती चढली, डोळा लावला आणि म्हणाली, "मामा, इथे तर नुसता अंधार आहे." तीन वेळा हेच झालं. चौथ्यांदा ती स्टुलावर चढायलाच तयार होईना.

खाली येऊन हिशेब मांडला. दुर्बिणीचे ६५० भागिले आयपीसचे ४, म्हणजे १६२ पट मोठं दिसणार. प्लॉसलचं दृश्यक्षेत्र, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी, साधारण ५० अंश. त्याला १६२ ने भागलं की हातात जेमतेम ०.३ अंश आकाश उरतं. पृथ्वी फिरते त्यामुळे शनी मिनिटाला पाव अंश सरकतो. म्हणजे मधोमध ठेवलेला शनी पाऊण मिनिटाच्या आत बाहेर! मी उतरून पोर चढेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो.

म्हणून म्हणतो, खिशात चार हजारांच्या आसपास असतील तर पाच-सहा आयपीस आणि रंगीत फिल्टरांची पेटी घेऊ नका. ६ चा, ६६ अंशांचा एकच घ्या (सोनेरी पट्टीवाला, ज्याला सगळे गोल्डलाइन म्हणतात). १०८ पट मिळते, ०.६ अंश आकाश दिसतं, अख्खा चंद्र मावतो. २५ चा आहे तो राहू द्या. तुमचं काय मत?

नारायण पेठ

मला पटलं नाही. एका आयपीसमध्ये सगळे पैसे घातले की एकच वर्धन मिळालं. त्याऐवजी दुपटीचा बरा बार्लो घ्या, म्हणजे दुर्बीण आणि आयपीसच्या मध्ये बसणारं, वर्धन दुप्पट करणारं भिंग. २५ चा १२.५ होतो, १० चा ५ होतो. दोनाचे चार आयपीस झाले: २६, ५२, ६५ आणि १३० पट. नवख्या माणसाला आज चंद्र बघायचा असतो, उद्या कृत्तिका, परवा गुरूचे चार चंद्र. प्रत्येकाला वेगळं वर्धन लागतं.

शिवाय ते ६६ अंश कागदावरचे. एफ/५ च्या (६५० भागिले १३०, म्हणजे ५) दुर्बिणीत स्वस्त रुंद आयपीसच्या कडेला तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. मधला भागच स्वच्छ असेल तर कडेचे पैसे कशाला द्यायचे?

कोथरूडची गच्ची

कडेला तारे पसरतात, खरं आहे. पण ग्रह कडेला पोचला की थोडा बिघडलेला का होईना, दिसत राहतो. पोराला "तो बघ, डावीकडे चाललाय" असं सांगता येतं. अरुंद आयपीसमध्ये त्या जागी काळी भिंत असते.

आणि बार्लो १० च्या मागे लावणार ना? माझ्या संचातला १० चा मुळातच धुरकट आहे. धुरकट चित्र दुप्पट केलं तर दुप्पट धुरकट दिसणार.

नारायण पेठ

इथे तुम्ही चुकताय. बार्लो लावला की आयपीसपर्यंत येणारे किरण एफ/५ चे राहत नाहीत, एफ/१० चे होतात. साध्या आयपीसला तिरके किरण झेपत नाहीत, सरळ झेपतात. त्यामुळे साधा १० चा बार्लोमधून कडेला जास्त स्वच्छ दिसतो. मी स्वतः गुरूवर लावून पाहिलंय. भिंगच मुळात खराब असेल तर मात्र इलाज नाही, तेवढं मान्य.

चष्मेवाली, सिंहगड रोड

तुम्ही दोघंही डोळा कुठे ठेवायचा हे बोलतच नाही आहात! प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून किती लांब चालतो, तर नाभीय अंतराच्या साधारण ७० टक्के. १० चा असेल तर ७ मिलिमीटर. ४ चा असेल तर ३ सुद्धा नाही. पापण्या भिंगाला घासतात. आमच्याकडे बाळाला दाखवायला आलेल्या वहिनींच्या काजळाचा ठसा भिंगावर उमटला, तो पुसताना माझा जीव वर-खाली होत होता.

नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा आणि फोकस फिरवा, काम होतं. मला सिलिंडरचा नंबर आहे, तो फोकस फिरवून जात नाही. त्याचा त्रास २५ च्या आयपीसला जास्त होतो, कारण त्यातून डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका ५ मिलिमीटरचा असतो. ६ च्या आयपीसला तोच ठिपका १.२ मिलिमीटर, मग चष्म्याशिवायही बऱ्यापैकी चालतं. तरी ६ च्या रुंदमध्ये डोळा १५ मिलिमीटरच्या आसपास मागे राहतो, म्हणून माझं मत त्यालाच. आई सत्तरीची आहे. तिला डोळा भिंगावर टेकवून बसवायचं नाहीये मला.

बार्लोवाल्यांसाठी एक: २५ च्या प्लॉसलमागे बार्लो लावला तर डोळ्याचं अंतर मोठंच राहतं. तो जोड चांगला आहे. १० च्या मागे लावलात तर अडचण जशीच्या तशी.

वेल्ह्याची वाट

मी म्हणतो, काहीच घेऊ नका, निदान तीन महिने.

आधी आरसे जुळवून घ्या. तारा थोडा फोकसबाहेर काढा. तो पसरून जी कडी दिसतात, ती एकात एक सारखी दिसायला हवीत. एका बाजूला दाटली असतील तर कोणताही आयपीस लावा, शनी बटाट्यासारखाच दिसणार. दुसरं, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो. संध्याकाळी सातला त्यातून उष्णता उठते आणि १०८ पटीला ग्रह पाण्यात बुडवल्यासारखा हलतो. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, बघायला दहानंतर बसा.

उरलेले पैसे पेट्रोलला. तोच २५ चा आयपीस घेऊन वेल्ह्याच्या बाजूला, अंधाऱ्या आकाशाखाली जा. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ कोथरूडमधून राखेचा डाग दिसतो, तिकडे त्याला पंख येतात. कृत्तिका दोन अंशांत पसरलेल्या, २५ मध्येच जेमतेम मावतात. त्यांना तुमचा ६ चा काय करणार?

आणि घ्यायचंच असेल तर आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे. चार वेगवेगळे आयपीस डोळ्याला लावून बघितल्याशिवाय पैसे टाकू नका.

कोथरूडची गच्ची

आरसे आज जुळवले. तुमचं बरोबर निघालं, कडी एका बाजूला दाटली होती. १० च्या धुरकटपणातला निम्मा दोष त्या बिचाऱ्या आयपीसचा नव्हताच.

पण ६ चा मी घेणारच. वेल्ह्याला दर आठवड्याला जाता येत नाही, भाची मात्र दर शनिवारी येते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये धारेवर होती (आपल्याकडे नुसती पातळ कड वळलेली), आता हळूहळू उघडतायत. ती उघडताना तिनं बघावीत असं मला वाटतं, आणि ती गच्चीवरूनच बघणार.

नारायण पेठ

घ्या. पण ऑर्डर करायच्या आधी या शनिवारी मी बार्लो घेऊन येतो. तुमचा २५, तुमचा १०, माझा बार्लो. भाचीला स्टुलावर चढवा आणि मोबाइलवर वेळ लावा, शनी किती सेकंद टिकतो ते. अंशांचा हिशेब मग करू.

चष्मेवाली, सिंहगड रोड

माझ्याकडे ६ चा गोल्डलाइन आहे, तो आणते. येताना आईलाही आणू का? लिफ्ट गच्चीपर्यंत जाते ना?

कोथरूडची गच्ची

शेवटचा एक जिना चढावा लागतो, कठडा आहे. खुर्ची मी वर नेऊन ठेवतो. दहाला या, स्लॅब तोवर निवलेला असेल.