मदत हवी आहे: रेस सोडली तरी मूठ मागे येत नाही

मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. गेल्या महिन्यात 2003 ची सेकंडहँड हार्ले-डेव्हिडसन स्पोर्टस्टर 883 मोटरसायकल घेतली, कार्ब्युरेटरवाली, रेसला दोन केबल असलेली (एक रेस उघडणारी, एक बंद करणारी). उजव्या मुठीच्या हाउसिंगखाली (मुठीच्या आतल्या टोकाला केबल जिथे जोडतात ती डबी) स्प्रिंग लावलेला एक छोटा स्क्रू आहे. तो आवळला की मूठ जड होते आणि हात सैल सोडला तरी रेस तशीच राहते. लांबच्या हायवेवर मनगटाला आराम, एवढाच त्याचा उपयोग. पुण्यात बुलेट चालवताना असलं काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी कौतुकाने तो गच्च आवळला. सिग्नलला क्लच दाबला आणि इंजिन भोंग्यासारखं ओरडलं. शेजारच्या गाडीतल्या आजी दचकल्या!

आता तो स्क्रू पूर्ण सैल केलाय. तरी मूठ अर्ध्यावर येऊन आळसावते, शेवटचा पाव इंच मला हाताने ढकलावा लागतो. इंजिन बंद ठेवून हँडल सरळ असताना पाहिलं तर बरं चालतं, पूर्ण डावीकडे वळवलं की अडकतं. म्हणून संशय केबलवर आहे. ग्रिपचं रबर हाउसिंगला घासत नाही, कागद सरकवून पाहिला.

आधी केबलचा फ्री प्ले (सैलपणा) वाढवू, की हाउसिंग उघडून आत साफ करू? आणि त्या स्क्रूच्या टोकाशी ग्रीस लागलं तर त्याची पकडच जाईल का? तोवर गाडी गॅरेजमध्येच उभी आहे.