मदत हवी आहे: गव्हाच्या बिअरला गिरणीतलं भाताचं तूस चालेल का?

मंडळी, अडलोय. ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो, घरी बिअर करायला लागून दीड वर्ष झालं. नुसत्या बार्लीच्या माल्टने (मोड आणून वाळवलेलं धान्य) कधी त्रास दिला नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदाच गव्हाची घातली: ३ किलो गव्हाचं माल्ट, २ किलो बार्लीचं. ६६ अंशांवर तासभर मॅश (गरम पाण्यात कालवलेलं दळलेलं माल्ट) ठेवला, आयोडीनचा थेंब टाकून पाहिला, निळा झाला नाही. म्हणजे स्टार्चची साखर झालेली. नळ उघडला, दोन-तीन लिटर आले, मग धार बारीक, मग थेंब, मग तेही बंद. झाकण काढलं तर वर करडा, चिकट थर, भिजवलेल्या कणकेसारखा. पळी उभी राहत होती. शेवटी पंचातून पिळलं. हात भाजले, वॉर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी) गढूळ तो गढूळच.

कारण कळलंय. बार्लीची साल तळाशी बसून गाळणीचं काम करते. गव्हाला ती सालच नाही, वर प्रथिनं जास्त. त्यात मी दळलंही बारीक. उपाय म्हणून जो तो तूस घालायला सांगतो. भाताच्या जिल्ह्यात राहून तूस कुरियरने मागवायचं मनाला पटेना, म्हणून मुरबाडला मामाच्या गावच्या गिरणीतून पिशवीभर आणलं. पण त्यात सालं थोडी आणि पिवळट पीठच फार. मूठ दाबली की गोळा होतो, हाताला तेलकट लागतं. मामी म्हणते, हे आम्ही म्हशीला घालतो.

हे चाळून चालेल का? ५ किलोला किती घालू? कोरडं की भिजवून?

—

दादा, ते मॅशमध्ये घालू नका. तो कोंडा आहे. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात, चाळूनही पूर्ण सुटत नाहीत. कोंड्याने जाळी अजून बुजेल, शिवाय तो लवकर खवट होतो. रबर रोलरची गिरणी शोधा, तिथे साल आधी वेगळी निघते आणि कोंडा नंतर पॉलिश करताना. मी पनवेलला राहतो, कर्जतकडून आणतो. वीटभट्टीवाले आणि पोल्ट्रीवाले नेतात तेच. दाणा निघून गेलेली सोनेरी, खरखरीत होडी दिसली पाहिजे, आणि मूठ सोडली की तूस परत फुललं पाहिजे.

५ किलोला २५० ग्रॅम पुरे. वजनाला हलकं असतं, तेवढ्यानेही मोठं पातेलं भरतं. बादलीत घालून ढवळा, माती-खडे खाली बसतात, तूस वर तरंगतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग १० मिनिटं उकळून ते पाणी टाकून द्या. ओलंच घाला, कोरडं घातलंत तर तुमचा वॉर्ट पिऊन टाकेल. सुरुवातीलाच सगळ्या मॅशमध्ये मिसळा, नुसतं तळाशी पसरू नका. स्पार्जचं पाणी (उरलेली साखर धुऊन काढायला वरून घालतो ते) ७५ अंशांच्या आसपास ठेवा. आणि नळ एकदम उघडू नका. सुरुवातीलाच जोरात ओढलं की थर दाबून बसतो, मग तूसही उपयोगी पडत नाही.

—

खूप आभार. मामाला फोन केला, गावची गिरणी हलरचीच निघाली. शनिवारी कर्जतला जातो. एकच राहिलं: उरलेलं तूस पावसाळ्यात बुरशी न लागता कसं ठेवता?