मदत हवी आहे: वादळाच्या इंग्रजी शब्दांना हंगेरियन शब्द (उद्या सकाळपर्यंत!)

पाचोळा
इथे कुणाला हंगेरियन येतं का? या इंग्रजी शब्दांना नेमके हंगेरियन शब्द हवे आहेत: स्टॉर्म, थंडरस्टॉर्म, गेल, गस्ट, शॉवर, ड्रिझल, हेल, क्लाउडबर्स्ट, फ्रीझिंग रेन. फोन पहिल्या दोन्हींना 'विहॉर'च म्हणतोय, आणि इथली माणसं तसं म्हणत नाहीत. उच्चार देवनागरीत लिहा. सकाळी नऊच्या आत हवंय. भाषा शिका, वर्ग लावा असं कृपया सांगू नका.

पावट्याची_आमटी
इथली म्हणजे कुठली? बुडापेस्ट का? आणि कशासाठी हवेत? परीक्षेला एक लागतं, नोकरीत दुसरंच.

रानवारा
नुसते शब्द पाठ करून काही होत नाही. मी जर्मनीत पाच वर्षं काढली आहेत. रोज संध्याकाळी रेडिओवरचं हवामान ऐकायचो, महिनाभरात सगळं कळायला लागलं. तेच करा.

पाचोळा
महिना नाहीये माझ्याकडे, एक रात्र आहे. आणि जर्मन नकोय. कशासाठी ते सांगून शब्द बदलणार आहेत का?

देब्रेत्सेनची_थंडी
मी इथे हंगेरीत, देब्रेत्सेन शहरात, सहावं वर्ष शिकतोय. ताई, आधी एक गोष्ट: हंगेरियन लिपीत नुसता एस म्हणजे 'श', आणि एस-झेड जोडून आलं की 'स'. बहुतेक तुमची चूक तिथेच होत असणार.

आता शब्द. 'विहॉर' हा वाऱ्याचा शब्द आहे. वारा पिसाटला, झाडं वाकली की विहॉर, मग पाऊस असो वा नसो. ढग गडगडले, वीज चमकली की तो 'झिवॉतॉर'. म्हणजे तुमचं थंडरस्टॉर्म. फोन दोन्ही एकात घालतो, इथली माणसं घालत नाहीत. गडगडाट नसेल आणि जोराची सर येऊन गेली तर ती 'झापोर', म्हणजे शॉवर. गेल म्हणजे 'विहॉरोश सेल' (सेल म्हणजे वारा). वाऱ्याचा एकेक झपाटा, गस्ट, तो 'सेल्लोकेश'.

गारांना 'येगएशो'. येग म्हणजे बर्फ, एशो म्हणजे पाऊस. भुरभुर पडते ती 'सितालाश', 'सितॉ' म्हणजे चाळणी. पीठ चाळल्यासारखा पाऊस! क्लाउडबर्स्ट तर तुम्हाला शिकवावाच लागणार नाही: 'फेल्होसॉकॉदाश'. फेल्हो म्हणजे ढग, सॉकॉदाश म्हणजे फाटणं. आपली ढगफुटी. 'ओनोश एशो' म्हणजे फ्रीझिंग रेन, जमिनीला टेकताक्षणी गोठणारा पाऊस. ओन म्हणजे कथील. रस्त्याला कल्हई केल्यासारखा थर बसतो. पण हा हिवाळ्यातला शब्द, आत्ता ऐकू येणार नाही.

आणि इंग्रजीतून जाऊच नका, थेट मराठीतून जा. 'एशिक ऑझ एशो' म्हणजे पाऊस पडतो. 'एशिक' म्हणजे पडतो! इंग्रजीसारखं 'इट' लावायची भानगड नाही. विभक्तीसुद्धा आपल्यासारखी शब्दाला मागून चिकटते: 'एशोबेन' म्हणजे पावसात, 'विहॉरबॉन' म्हणजे वादळात.

अवकाळी
वा! म्हणजे झिवॉतॉर म्हणजे आपला वळीव.

रानवारा
नाही. वळीव हा चैत्र-वैशाखातला, दुपारनंतर येणारा. झिवॉतॉर कधीही येत असेल तर त्याला वळीव कसं म्हणायचं? गडगडाटी पाऊस म्हणा.

अवकाळी
माझं माहेर सांगलीकडचं आहे, वळीव मला सांगू नका. दुपारभर तलखी, मग पश्चिमेला काळं होतं, आधी धूळ, मग विजा, मग टपोरे थेंब. देब्रेत्सेनभाऊंनी सांगितलेलं हेच तर आहे.

देब्रेत्सेनची_थंडी
दोघांचंही थोडं बरोबर आहे. उन्हाळी झिवॉतॉर दिसायला अगदी वळवासारखाच. पण शब्दाला ऋतू लागत नाही, गडगडाट लागतो.

अजून एक, मला फार आवडलेलं. आकाशातल्या विजेला 'विल्लाम', घरातल्या विजेला 'विल्लॉन्य', आणि ट्रामला 'विल्लॉमोश'. सगळे एकाच घरातले. आपल्याकडेही वीज पडते आणि वीजच जाते.

मृगाचा_किडा
हंगेरीत ८ जूनला मेदार्दचा दिवस असतो. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो असं मानतात. आपलं मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. शेतकरी तिथलाही त्याच आठवड्यात वर बघतो, इथलाही. यावर वेगळा धागा काढावा का?

प्रवासीपक्षी
हंगेरीतल्या बालाटन सरोवराला जाणार असाल तर काठावरच्या बॉलॉतोनफ्युरेद गावात टागोरांच्या नावाचा रस्ता आहे, काठाने झाडीतून जातो. १९२६ साली ते तिथे उपचारासाठी राहिले होते, त्यांनी लावलेलं लिंडनचं झाडही आहे. आणि छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट घ्या.

पावट्याची_आमटी
रेनकोटचं कुणी विचारलंय? पाचोळा, परत विचारते. कशासाठी हवेत? काहीतरी झालंय असं वाटतंय.

पाचोळा
बरं, सांगते. मी बालाटनच्या काठावर होड्या भाड्याने देतात तिथे उन्हाळ्यापुरती खिडकीवर बसते. पर्यटक इंग्रजी बोलणारे, धक्क्यावरचे आजोबा फक्त हंगेरियन. काल दुपारी आजोबा येऊन म्हणाले, झिवॉतॉर येतोय. मी तो झापोर समजले. एक बाबा दोन मुलांना घेऊन पायडलची होडी मागत होता. त्याला म्हटलं, सर येऊन जाईल, जा. काठावरच्या खांबावर दिवा लुकलुकत होता, मला वाटलं दीपगृह असेल. दहा मिनिटांत पाणी हिरव्याचं करडं झालं. आजोबांनी मोटरबोट काढून त्यांना आणलं. धाकटीचे ओठ निळे पडले होते, एक चप्पल पाण्यात गेली होती. मी अजून झोपले नाहीये. उद्या नऊला खिडकी उघडायची आहे.

शीड
बाई, हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं होतं. शब्द नंतर. आधी तो दिवा.

ते दीपगृह नव्हे. ती 'विहॉर्येल्झेश', वादळाची सूचना. मी याच सरोवराकाठी, शियोफोकला, चार उन्हाळे शिडाच्या होड्यांवर काढले आहेत. तिथेच या इशाऱ्यांची वेधशाळा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर सरोवराभोवती हे दिवे चालू असतात. मिनिटाला ४५ वेळा लुकलुकला तर पहिली पातळी, 'एल्शोफोकू': ताशी ४० ते ६० किलोमीटरचे झपाटे येऊ शकतात, पोहणाऱ्याने काठापासून ५०० मीटरच्या पुढे जायचं नाही. मिनिटाला ९० वेळा लुकलुकला तर दुसरी, 'माशोदफोकू': वारा ६०च्या वर, पाण्यात उतरायलाच बंदी. आकाश निरभ्र दिसलं तरी दिव्याचंच ऐकायचं.

सरोवर सरासरी तीन मीटरच्या आसपास खोल आहे, त्यामुळे लाट उठायला वेळ लागत नाही. आखूड, उभ्या लाटा, एकीतून सावरेपर्यंत दुसरी. आणि जोराचा वारा बहुतेकदा वायव्येकडून, बाकोनी डोंगरावरून उतरतो. तुम्ही उत्तर काठावर असाल तर धक्क्याजवळ आडोसा असतो, पाणी शांत दिसतं. मध्ये गेलं की कळतं.

रानवारा
मघाशी मी उगाच जर्मनी सांगत बसलो. २० ऑगस्ट २००६ला बुडापेस्टमध्ये आतषबाजी चालू असतानाच असं वादळ आलं होतं, नदीकाठच्या गर्दीत माणसं दगावली. तुम्ही नीट मोजायला शिका.

अवकाळी
मुलगी बरी आहे ना आता?

पाचोळा
बरी आहे. संध्याकाळी आईस्क्रीम खाताना दिसली.

शीडकाका, देब्रेत्सेनदादा, दोघांचंही लिहून घेतलं. खिडकीच्या आतून कागद चिकटवला आहे: झापोर असेल तर विचारायचं, झिवॉतॉर किंवा विहॉर म्हणाले तर द्यायचीच नाही. आजोबांना 'झिवॉतॉर' म्हणून दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि 'झि'वर जोर द्यायला सांगितला.

देब्रेत्सेनची_थंडी
बरोबर सांगितलं त्यांनी. हंगेरियनमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर.

पाचोळा
सकाळचे पावणेनऊ. दिवा चालू आहे. मोबाईलवर वेळ लावून मोजलं, अर्ध्या मिनिटात २२. म्हणजे पहिली ना?

शीड
पहिली. पायडलच्या होड्या साखळीलाच ठेवा, आणि अर्ध्या तासाने परत मोजा.