'चुंबकीय विसंगती' : अर्थ आणि वापर

प्रश्न : विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करून गाडले गेलेले ज्वालामुखी शोधतात, त्या संदर्भात 'विसंगती' हा शब्द वारंवार येतो. विसंगती माणसाच्या बोलण्यात असते, खडकात कशी? आणि 'उणे विसंगती' म्हणजे तिथे काहीच नाही, असे समजायचे का?

उत्तर : इथे विसंगती म्हणजे फक्त फरक. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते. विमानातल्या मापकाने नोंदलेल्या आकड्यातून त्या जागी अपेक्षित असलेला आकडा वजा केला की जे उरते, ती विसंगती. तिच्यात दोष किंवा चूक असा अर्थ मुळीच नाही.

'उणे'चा अर्थ 'नाही' असा घेऊ नका. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. लाव्हा थंड होत सुमारे 580 अंश सेल्सियसच्या खाली आला, की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा त्यात कायम होते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अनेकदा उलटले आहेत, शेवटचे सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वी. उलट्या काळात थिजलेला ज्वालामुखी आजच्या क्षेत्राला विरोध करतो, म्हणून नकाशावर उणे आकड्यांचा ठसठशीत खड्डा दिसतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळ, म्हणजे जिथे पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर असते तिथे, तर सरळ (आजच्या क्षेत्राच्याच दिशेच्या) चुंबकत्वाच्या खडकावरही उणे आकडा येतो. म्हणजे उणे विसंगती ही भक्कम खूण असू शकते, आणि मला तर ती या नकाशांतली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

मात्र 'विसंगती सापडली' याला 'ज्वालामुखी सापडला' म्हणू नये. अमेरिकेत नेवाडातल्या अमारगोसा वाळवंटात गाळाखालच्या अशा विसंगतींवर भोके पाडली, तेव्हा काही ठिकाणी बेसाल्ट लागला, तर काही ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचा जुना खडक, म्हणजे टफ. तोही चुंबकीयच.

प्रश्न : मग 'गाडलेला' ऐवजी 'सुप्त ज्वालामुखी' लिहिले तर?

उत्तर : नको. सुप्त म्हणजे पुन्हा जागा होऊ शकणारा. तो डोंगरासारखा उघडा उभाही असेल. गाडलेला म्हणजे गाळाखाली किंवा बर्फाखाली झाकला गेलेला, मग तो लाखो वर्षांपूर्वी विझलेला का असेना. पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाच्या चादरीखाली असलेल्यांना 'बर्फाखालचे' म्हणणे जास्त नेमके. सर्वेक्षण जागा दाखवते, जाग दाखवत नाही.

प्रश्न : 'हवाई सर्वेक्षण' चालेल ना? बातम्यांत पूरस्थितीच्या पाहणीलाही तेच म्हणतात.

उत्तर : चालेल, पण 'चुंबकीय' गाळू नका.