टोकियोतलं बिऱ्हाड : पहिल्या वर्षाचे अनुभव लिहा

निशिकसाईची ताई :
काल भाचीचा फोन आला. नवऱ्याची बदली टोकियोला झालीय, पोरगं सहा वर्षांचं, एप्रिलपासून थेट जपानी शाळेत. बोलता बोलता म्हणाली मावशी, तिथे संध्याकाळी भोंग्यावर गाणं लावतात म्हणे? आणि मला आमचं पहिलं वर्ष जसंच्या तसं आठवलं. पाच वाजले की धून वाजते, हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी साडेचारलाच. खरं तर आपत्तीच्या सूचना द्यायचे ते भोंगे, ते नीट चालतायत ना याची रोजची तपासणी. पण गल्लीतली पोरं तेवढ्यावर खेळ मोडून घरी पळतात. माझी लेक त्यांच्यात पळायला लागली तेव्हा वाटलं, चला, हिचं बस्तान बसलं. माझं बसायला बराच वेळ लागला.

शाळा सुरू व्हायच्या आधीची ती रात्र तर विसरणं शक्यच नाही. पहिलीला गणिताचा एक डबा मिळतो, त्यात मोजायच्या काड्या, चकत्या, खोटी नाणी, आणि प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! नखाएवढ्या चकतीवर काताकाना लिपीतल्या नावाच्या चिकटपट्ट्या लावत बसलो होतो तर शेजारच्या जपानी काकू घरातला चिमटा घेऊन आल्या, एक पट्टी लावून दाखवली आणि मग डबा संपेपर्यंत उठल्याच नाहीत. मला तेव्हा जपानी येत नव्हतं, त्यांना इंग्रजी नाही. परक्या शहरात असं कोणी शेजारी येऊन बसलं की मगच तिथे घर लागतं, हे माझं ठाम मत आहे.

तुम्ही पण लिहा, भाचीला वाचायला पाठवणार आहे.

दोन पोरांची आई :
चिमटा!! अगदी अगदी. आणि फडकी? शाळेत वर्ग पोरंच झाडतात पुसतात त्यामुळे शिवलेली फडकी घरून द्यायची, आतले बूट वेगळे, ते शुक्रवारी धुवायला घरी. खुर्चीवर ती जाड टोपी असते बघा, भूकंपात डोक्यावर ओढायची, एरवी तीच पाठीला उशी. धाकट्याची टोपी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा पोटात कालवलं होतं, तो मात्र ती घालून घरभर नाचत होता. कुकर वाजला, नंतर लिहिते.

तोझाई लाईन :
घराचं कोणी लिहिलं नाही अजून. परदेशी म्हटलं की घरमालक नाही म्हणतात, आम्हाला एका एजंटने तोंडावर सांगितलं होतं, बायको बाहेर येऊन रडली. शिवाय डिपॉझिट वेगळं आणि मालकाला नुसते भेट म्हणून द्यायचे पैसे वेगळे, ते परत मिळत नाहीत. भाचीला सांगा यूआर या निमसरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं बघ, तिथे भेटीचे पैसे नाहीत, जामीनदार नाही, एजंटची फी नाही, पगाराचा कागद मात्र लागतो. एदोगावा वॉर्डातल्या निशिकसाईला आपली माणसं जमली त्यात याचा मोठा वाटा, शिवाय तिथून तोझाई लाईनची मेट्रो थेट ओतेमाचीला, ऑफिसांच्या भागात जाते, 2000 च्या आसपास आयटीवाले आले ते तिथेच राहिले. आणि 2019 ला योगेंद्र पुराणिक त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, मराठी माणूस, आम्ही त्या रात्री पेढे वाटले होते. हां आणि राहायला गेल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, ते आधी.

नातवाची आजी :
मी 90 दिवसांच्या व्हिसावर गेले होते. सून-मुलगा कामावर, नातू शाळेत, दिवस खायला उठायचा. एकदा सकाळी साडेसहाला बागेत गेले तर दहा-पंधरा म्हाताऱ्या रेडिओ लावून व्यायाम करत होत्या. एकीने हाताने ये ये केलं. 1928 पासून चालू आहे म्हणे तो रेडिओवरचा कार्यक्रम. मग रोज जायला लागले. निघायच्या दिवशी त्यांनी मला घडी घातलेला रुमाल दिला, अजून वापरलेला नाही.

दोन पोरांची आई :
आजी 🙏 वाचून आईची आठवण आली.

जुना टोकियोकर :
11 मार्च 2011, दुपारी 2:46, तो मोठा भूकंप. मी ऑफिसात, बायको घरी, मुलगा शाळेत. ट्रेन बंद, फोन लागेना, लाखो लोक पायी निघाले, मीही त्यातच, कुणी धक्काबुक्की नाही की आरडाओरडा नाही. शाळेत पालक आल्याशिवाय मूल सोडत नाहीत, त्याची दरवर्षी तालीम असते. आधी ते उगाच वाटायचं. बायको पोचली तेव्हा पोरगा टोपी घालून ग्राउंडवर वर्गाबरोबर बसला होता, बाईंनी यादीवर खूण केली मगच हात सोडला. भाचीला सांगा ती तालीम कधी चुकवू नको.

कढीपत्ता हवा :
अवांतर आहे पण मेथी कुठे मिळते? आणि शाळेतल्या जेवणाचं काय करता, आम्ही शाकाहारी, सूपात पण माशाचा अर्क असतो.

तोझाई लाईन :
मेथी गॅलरीत लाव, सोपी आहे. मसाले शिन-ओकुबोला किंवा उएनोला आमेयोकोच्या तळघरात.

दोन पोरांची आई :
आम्ही शाळेशी बोलून घरचा डबा देतो, भात न्यायचा पण जमतील तशा शाळेच्या जेवणातल्यासारख्या रंगाच्या भाज्या करते, महिन्याचा मेनू आधीच येतो. पोराला वेगळं वाटू नये एवढंच.

सायकलवाली :
ताई भाची कुठल्या भागात येतेय? माझ्याकडे मागे-पुढे सीटवाली सायकल पडून आहे, देऊन टाकेन.

निशिकसाईची ताई :
कोतो वॉर्ड. पण पोरगं पहिलीत जाणार, पहिलीपासून मागे बसवायला कायद्याने बंदी ना? पिवळी टोपी घालून चालतच जाईल तो. धाकटी आहे तीन वर्षांची, तिला होईल.

सायकलवाली :
मग झालंच की. चोरी झाली तर सापडावी म्हणून सायकलची नोंदणी करतात, तो कागद माझ्या नावावर आहे, तो बदलून घ्यावा लागेल, आणि पुढचा ब्रेक जरा घासतो. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पाठव तिला.